उंच वाढणारी फुलझाडं, मधमाश्या आणि पाखरं : कंपाउंडच्या कडेला काय पेरू?

मातीवेडी
नमस्कार मंडळी,
पाऊस तोंडावर आलाय म्हणून घाईने विचारतेय. आमच्या घराच्या (नाशिक) कंपाउंडला लागून तीनेक फूट रुंदीचा लांबट पट्टा आहे, सकाळपासून दुपारपर्यंत चांगलं ऊन असतं. तिथे सध्या क्रोटन आणि सतत कापून चौकोनी ठेवलेला पिवळा ड्युरांटा आहे. हिरवंगार दिसतं, पण त्यावर ना मधमाशी फिरकत ना फुलपाखरू. आणि त्याच भिंतीच्या कोपऱ्यात शेपूची थोडी रोपं भाजीला न काढता राहून गेली होती, ती कमरेएवढी वाढली, पिवळ्या छत्र्या आल्या आणि त्यावर सकाळी इतकी वर्दळ असायची की बघतच राहावं. तेव्हापासून डोक्यात आहे की हा सगळा पट्टा अशाच उंच वाढणाऱ्या, भरपूर फुलणाऱ्या हंगामी झाडांचा करावा. झुडपं आणि वेल नकोत, ते मागच्या अंगणात आहेत.

माझं मत असं झालंय की आपण भाजी-मसाल्याची झाडं फार लवकर उपटतो. कोथिंबीर, शेपू, मुळा, मोहरी, फुलावर आलं की जून झालं म्हणून काढून टाकतो आणि नेमकं तेव्हाच ते बागेतल्या बाकीच्या जिवांच्या कामाचं झालेलं असतं.

तर जूनमध्ये काय पेरावं, कशासाठी थांबावं, उंच झाडं वाऱ्यापावसात आडवी होऊ नयेत म्हणून काय करता हे सांगा. आणि सासूबाई म्हणतात एवढं रान माजवलंत तर जनावर येईल घरात. त्यावर तुमचा अनुभव काय?

वरकसवाला
ताई, खुरासणी टाका. म्हणजे ज्यांची चटणी करतो ते कारळे. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे वरकस म्हणजे हलक्या जमिनीत, डोंगरउतारावर पेरतात, खताचं कौतुक नाही, वरच्या पाण्याची गरज नाही, तरी छातीएवढी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळा उतार पिवळा. जूनच्या शेवटी किंवा जुलैत, दोन चांगले पाऊस झाले की पेरायची.

एक लक्षात ठेवा, खुरासणीत झाडाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचे पराग लागतात आणि ते आणण्याचं काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्यामुळे एकटंदुकटं झाड लावण्यात अर्थ नाही, पट्टाच करा. तुमच्या तीन फुटात दाट पेरून मग विरळणी करायची, रोपात वीतभर अंतर ठेवायचं. फुलोऱ्यात सकाळी ८-९ च्या सुमारास जाऊन उभं राहा, आवाजच येतो.

केशर_आंबा
वा, मस्त धागा. वाचनखूण साठवली.

गच्चीकर_पुणे
शेपूला अनुमोदन, पण शेपूपेक्षा बडीशेप लावाच. पाच-सहा फूट सहज जाते, पानं पिसासारखी मऊ, आणि फुलोरा दीड-दोन महिने टिकतो कारण सगळ्या छत्र्या एकदम येत नाहीत. फक्त जूनमध्ये नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायची, पावसात मुळं कुजतात. बी आणायला नर्सरीत जायची गरज नाही, वाण्याकडची जाड मसाल्याची बडीशेप रुजते. ती बारीक हिरवी लखनवी मात्र कोवळीच काढलेली असते, तिच्या नादी लागू नका. धणे, ओवा, जिरं, शेपू, गाजर हे सगळं एकाच कुळातलं, सगळ्यांची फुलं छत्रीसारखी. धणे रगडून दोन भाग करून पेरायचे हे सगळ्यांना माहीत असेलच.

आता या छत्र्यांवर गर्दी का होते ते सांगतो, कारण मातीवेडी ताईंनी जी वर्दळ बघितली त्यातल्या निम्म्या मधमाश्या नसणार. या फुलांचा मध अगदी उघड्यावर असतो, खोल नळी नसते. त्यामुळे आखूड तोंडाच्या कीटकांनाही तो मिळतो, म्हणजे सिरफिड माश्या (मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या दिसतात पण दोनच पंख, आणि हवेत एका जागी तरंगतात), बारीक गांधीलमाश्या, लेडीबर्ड भुंगेरे. सिरफिडच्या अळ्या मावा खातात. त्या बारीक गांधीलमाश्यांपैकी बऱ्याच जाती दुसऱ्या अळ्यांच्या अंगात किंवा अंड्यांत स्वतःची अंडी घालतात, म्हणजे तुमच्या कोबी-टोमॅटोवरच्या अळ्या आपोआप कमी. शेतकरी भाजीच्या प्लॉटभोवती बडीशेप-कोथिंबिरीची ओळ लावतात ती याच मित्रकीटकांसाठी.

स्पष्टवक्ती
हे वाचायला छान आहे, पण माझा अनुभव उलटा. शेपू-बडीशेप फुलावर ठेवली की देठांवर काळपट-हिरवा मावा भरतो, मग मुंगळे येतात, मग ते घरात येतात. फ्लॅटच्या बाल्कनीत हे नको होतं. मी सगळं कापून टाकलं.

गच्चीकर_पुणे
@स्पष्टवक्ती मावा येतोच, खरं आहे. पण मावा आल्यावर आठ-दहा दिवस धीर धरलात तर लेडीबर्ड येतात, त्यांच्या काळ्या-केशरी, अगदी छोट्या सुसरीसारख्या अळ्या दिसायला लागतात आणि त्या मावा संपवतात. लोक त्याच अळ्यांना कीड समजून मारतात. अगदी सहन होत नसेल तर पाण्याचा जोरात फवारा मारून मावा पाडायचा. फुलं उघडी असताना दुसरं काहीही फवारू नका, निंबोळी अर्कसुद्धा संध्याकाळी माश्या परतल्यावरच. बाल्कनीचं म्हणाल तर तिथे मुंग्यांचा त्रास होतो हे मान्य, जमिनीवर मात्र एवढं जाणवत नाही.

रानवाटा
कोकणातून लिहितोय (चिपळूणजवळ). आमच्याकडे पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारी दोन झाडं सुचवतो.

पहिलं खुळखुळा. ताग असतो ना, त्याचा भाऊबंद. तीन-चार फूट उंच, पिवळ्या फुलांचे तुरे, नंतर शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळ वाजतात. पावसाच्या शेवटी ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं याच्यावर अक्षरशः लगडतात. ती मधासाठी येत नाहीत, वाळलेली किंवा खरचटलेली पानं-देठ आणि शेंगा सोंडेने चोखत बसतात. त्या झाडात काही विषारी अल्कलॉइड असतात, नर ती घेतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करायचा गंध बनवतात, शिवाय अंगात ते विष असल्यामुळे पक्षी त्यांच्या वाट्याला जात नाहीत. म्हणून झाड वाळायला लागलं तरी काढू नका, खरी मजा तेव्हाच असते. एखादी फांदी मोडून तिथेच लटकत ठेवली तर अजून येतात. भुरुंडी या रानझाडावरही अशीच गर्दी होते. गुरं-शेळ्या असतील किंवा लहान मुलं काहीही तोंडात घालायच्या वयाची असतील तर मात्र लावू नका, यकृतावर परिणाम होतो.

दुसरं दीपमाळ. सरळसोट, माणसाच्या उंचीच्या वर जाते, आणि खोडावर ठरावीक अंतराने गोल काटेरी गेंद, त्यातून केशरी नळीसारखी फुलं. पाऊस ओसरल्यावर फुलते. शिंजीर (सनबर्ड) पक्षी यावरून हलत नाही. एका गेंदावरून दुसऱ्यावर, वर-खाली, दिवसभर. सुकल्यावर गेंद टोचतात, हातमोजे घाला.

बिनबियांचं_वांगं
दीपमाळेचा फोटो कोणी टाकेल का? बहुतेक आमच्या प्लॉटमागे आहे आणि मी तण समजून दरवर्षी उपटते.

सह्याद्रीमित्र
जरा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. दीपमाळ मूळची आफ्रिकेतली, खुरासणीचं मूळ इथिओपियात. खुरासणी शेकडो वर्षं पीक म्हणून आहे आणि शेताबाहेर पसरत नाही, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण "फुलपाखरं येतात" एवढ्या एका निकषावर लोक काहीही लावतात आणि मग काय होतं ते पुण्याच्या टेकड्यांवर बघा. पिवळा-केशरी कॉसमॉस बागेतून निसटला आणि पावसाळ्यानंतर उतारच्या उतार त्याचे झालेत, खाली स्थानिक गवतफुलांना जागा राहिली नाही. फोटोला लोक गर्दी करतात, फुलपाखरंही बसतात त्यावर. पण फुलपाखराला नुसता मध देऊन चालत नाही, अंडी घालायला झाड लागतं, आणि कॉसमॉसवर आपल्याकडच्या फारशा कोणाच्या अळ्या वाढत नाहीत.

म्हणून कॉसमॉस टाळा, आणि बागेत तेरडा लावा, रानातला गुलाबी. गुडघा ते कंबर उंची, जूनमध्ये टाकला की गौरी-गणपतीत फुललेला, कोकणात गौर म्हणून तोच आणतात. त्यावर शेपटीला काटा असलेली जाडजूड अळी दिसली तर घाबरू नका, ती हॉक मॉथची, संध्याकाळी फुलांसमोर तरंगत मध पिणारा पतंग होतो तिचा. घोळ कुंडीच्या कडेने आपोआप येते ती उपटू नका, डॅनाइड एगफ्लाय हे फुलपाखरू अंडी घालतं तिच्यावर. कोरांटी असेल तर लेमन पॅन्सी फुलपाखरू येईल.

रानवाटा
@सह्याद्रीमित्र कॉसमॉसबद्दल शंभर टक्के सहमत. दीपमाळेचंही मान्य करतो, बी फार पडतं. मी गेंद अर्धे वाळले की शेंडे कापून घेतो आणि बी बाहेर जाऊ देत नाही. जंगलाला लागून घर असेल त्यांनी लावू नये असं आता म्हणेन.

अंगणातली_तुळस
कोणीच तुळशीचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. तुळशीच्या मंजिऱ्या फुलल्या की सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) माश्या दिवसभर असतात.

आजीची_नात
पण तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या असतात ना? आमची आजी रोज खुडायची, नाहीतर तुळस वाळते म्हणायची.

अंगणातली_तुळस
आजींचं बरोबरच होतं. बी धरलं की झाडाचा जीव बियांत जातो, पानं बारीक होतात, खोड लाकडी होतं. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या मीही खुडते. पण माश्यांसाठी वेगळी दोन-चार रोपं ठेवायची, आणि त्याहून चांगलं म्हणजे सब्जा आणि रानतुळस. सब्जा दोन-अडीच फूट होतो, फालुद्यात घालतो तेच बी पेरायचं. रानतुळस तर पाच-सहा फूट जाते, अनेक वर्षं टिकते, छाटली की परत फुटते. तिच्या मंजिऱ्या कोणी खुडा म्हणत नाही.

बिनबियांचं_वांगं
सब्ज्यावर एक गुबगुबीत माशी येते, पोटावर निळसर चमकते पट्टे, गुंईंईं असा मोठा आवाज करते आणि सेकंदभरही एका फुलावर थांबत नाही. ही कोण?

गच्चीकर_पुणे
ती ब्लू बँडेड बी, आणि तुमच्या आयडीकडे बघता तुम्हाला तिची फार गरज आहे :) वांगी-टोमॅटोच्या फुलातले पराग एका बारीक छिद्रातून बाहेर पडतात, ते झटकून काढावे लागतात. ही माशी फुलाला पकडून अंग थरथरवते आणि पराग उडवते. मोठा काळा भुंगाही ते करतो. पाळीव मधमाश्यांना ते जमत नाही. म्हणून वांग्याच्या शेजारी सब्जा-तुळस लावा. ही पोळं करत नाही, मादी मातीच्या भिंतीत किंवा जमिनीत एकटीच घर करते. आणि नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने धरून, ओळीने लटकून झोपतात. मातीवेडी ताई, या एका कारणासाठी तरी वाळलेल्या काड्या उभ्या ठेवा.

बिनबियांचं_वांगं
काय सांगता, जबड्याने धरून झोपतात! आज संध्याकाळी टॉर्च घेऊन जातेच.

सोसायटी_सेक्रेटरी
इथे सगळे मधमाश्या आणा म्हणतायत, आमच्याकडे एक पोळं दिसलं की व्हॉट्सॲपवर शंभर मेसेज आणि लगेच पेस्ट कंट्रोल. उंच फुलं लावली आणि आग्या माश्या आल्या तर जबाबदार कोण? लहान मुलं असतात खाली खेळत.

मधुबन
@सोसायटी_सेक्रेटरी काळजी रास्त आहे म्हणून सविस्तर सांगते. आग्या माशी उंच झाडाच्या आडव्या फांदीला, कड्याला किंवा उंच इमारतीच्या छज्जाखाली बसते, तुमच्या चार-पाच फुटी झाडांवर ती पोळं लावणार नाही. फुलावर मध गोळा करणारी माशी सहसा अंगावर येत नाही, तिला चिमटीत दाबलं किंवा पायाखाली आली तरच चावते. पोळ्याला धक्का लागला, धूर केला, दगड मारला की प्रकरण गंभीर होतं. बागेत झाडाझुडपात पोळं लावेल ती फुलोरी, बारीक, तळहाताएवढं एकच पोळं, स्वभावाने बरीच शांत. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, पेटीतही पाळता येते. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच काम करतेय. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे लोक पेट्यांच्या शेजारीच राहतात. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र जपलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. पोळं अडचणीच्या जागी असेल तर माश्या न मारता हलवणारी माणसं असतात, आधी त्यांना बोलवा.

सोसायटी_सेक्रेटरी
बरं. मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.

न्यूजर्सीची_मावशी
माझे दोन पैसे घालते. इथे न्यू जर्सीत मी शेपू खास अळ्यांसाठी लावते. ब्लॅक स्वॅलोटेल नावाचं काळं-पिवळं फुलपाखरू शेपू, बडीशेप, पार्स्लीवर अंडी घालतं, हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या सगळा पाला फस्त करतात. अर्धा वाफा भाजीला, अर्धा त्यांना. त्यामागे जो-पाय वीड, ते माझ्यापेक्षा उंच होतं, आणि लाल बी बाम, त्यावर हमिंगबर्ड येतात. आमच्या टाउनशिपमधल्या बागकामवाल्या बायका सांगतात की थंडीत वाळलेली झाडं कापू नका, पोकळ दांड्यांत माश्या अंडी घालतात आणि गोल्डफिंच पाखरं बिया खातात. वसंत ऋतूत उबदार झाल्यावरच कापायची, तीही बुंध्याशी फूटभर ठेवून.

आणि @वरकसवाला यांचं वाचून गंमत वाटली. गोल्डफिंचसाठी इथे दुकानात नायजर सीड मिळतं, उंच नळीच्या फीडरमध्ये घालायचं. पहिल्यांदा पिशवी उघडली तर आत कारळे! भारतातून आणि इथिओपियातून येतात, रुजू नयेत म्हणून उष्णता देऊन आणतात. आता एकाच डब्याकडे बघून मला चटणी आणि पाखरं दोन्ही आठवतात.

वरकसवाला
मावशी, हे आमच्या गावात सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. आज वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पाखरं आमच्या शेतातही येतात, फक्त आम्ही हाकलतो.

आजीची_नात
शेपूवर आपल्याकडे अशा अळ्या का दिसत नाहीत मग?

सह्याद्रीमित्र
कारण ब्लॅक स्वॅलोटेलच्या कुळातली आपल्या भागातली बरीच फुलपाखरं लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर वाढतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच. शेपूवर फक्त मध प्यायला पाहुणे येणार. कढीपत्ता मागच्या अंगणात असेल तर दोन्ही सोय होते.

अवांतर_काका
अवांतर : ताई, तो ड्युरांटा उपटू नका. कापणं थांबवा फक्त. त्याला जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि फुलपाखरं तुटून पडतात. कायम कात्री चालते म्हणून तो बिचारा फुलतच नाही.

आणि जनावराचं. आमचं घर सांगलीत उसाला लागून आहे, त्यामुळे या विषयात आम्हाला रस असतोच. साप उंच झाडासाठी येत नाही, उंदरासाठी आणि लपायला जागा असेल तर येतो. विटांचा ढीग, लाकडं, नारळाच्या झावळ्या, उघडी खरकटी बादली, हे हलवा. झाडांच्या बुडाशी फूटभर जागा साफ ठेवा, खालची पानं काढून टाका म्हणजे वर फुलं आणि खाली मोकळं, नजर जाते. पायवाटेवर झुकू देऊ नका, रात्री बॅटरीशिवाय जाऊ नका. सासूबाईंची भीती अगदीच चुकीची नाही, त्यांना सोबत घेऊन बुडखे साफ करा म्हणजे त्यांचंही समाधान.

मातीवेडी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, ड्युरांटाचं डोक्यातच आलं नाही, तो निम्मा ठेवतेय आणि कात्री बंद. क्रोटन शेजाऱ्यांना देतेय. जुलैत खुरासणी आणि तेरडा, एका टोकाला खुळखुळा (लहान मुलं नाहीत घरात), सब्जा आत्ताच कुंडीत. बडीशेप-ओवा-धणे दिवाळीच्या आसपास. सासूबाईंना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी विटांचा ढीग उद्याच हलवायला सांगितलाय. झाडं पडण्याबद्दल मात्र अजून कोणी बोललं नाही.

वरकसवाला
पडण्याचं मुख्य कारण लाड. शेणखत आणि पाणी जास्त झालं की झाड मऊ आणि लांबुळकं वाढतं, मग पहिल्या वाऱ्यात झोपतं. खुरासणीला काही घालू नका. गुडघ्याएवढी झाली की शेंडा खुडा, फांद्या फुटतात, उंची थोडी कमी पण फुलं जास्त. बुडाशी मातीची भर द्या. दाट ओळ असली की एकमेकांना धरून उभी राहतात.

गच्चीकर_पुणे
बडीशेपेचा शेंडा खुडू नका, तिला बांबू रोवून दोन ठिकाणी सुतळी सैल बांधा. भिंतीपासून थोडी पुढे लावा, भिंतीला चिकटून लावली की उन्हासाठी एकाच बाजूला झुकते.

मधुबन
अजून एक, खुरासणीवर अमरवेल येते, पिवळ्या दोऱ्यासारखी, पानं नसलेली. बियाण्यात तिचं बी मिसळलेलं असतं. दिसली की दोरा ओढत बसू नका, तुकडा राहिला की परत वाढते. ते झाड मुळासकट काढून पिशवीत भरून फेकायचं, फुलायच्या आत. पेरण्याआधी बी बारीक चाळणीने चाळून घेतलं तर निम्मा त्रास वाचतो, अमरवेलीचं बी कारळ्यापेक्षा खूप लहान आणि गोल असतं.

केशर_आंबा
कारळे वाण्याकडचे चालतील का पेरायला? आमच्याकडे चटणीसाठी आणलेले पडलेत.

वरकसवाला
कच्चे असतील तर चालतील, भाजलेले नकोत. ओल्या फडक्यात थोडे बांधून ठेवा, तीन-चार दिवसांत मोड आले तर पेरा. नाहीच उगवले तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यंदाचं बी घरात आहे, पाव किलो पाठवतो. पोस्टाचा खर्च तेवढा तुमचा.